ज्याची त्याची खुंटी

गोवा मुक्त झाला त्याच्या पाच-सात वर्षे अलीकडे-पलीकडे जन्मलेली आमची पिढी ज्या घरांत वाढली, त्या घरांत कपाटे नव्हती. पेडणे, मांद्रे, कोरगाव, पार्से असो, नाहीतर तिकडे डिचोली, मये, नार्वे, लाटंबार्से. घर चार माणसांचे असो की वीस माणसांचे, भिंतींना होत्या त्या खुंट्या. एखादा लाकडी पेटारा असे, कुणाच्या लग्नात आलेली पत्र्याची ट्रंक असे. पण त्यांत जायचे ते ठेवणीतले. रोजचे सगळे भिंतीवर, घरच्यांच्या डोळ्यांसमोर.

आम्हांला स्वतःची खोली नव्हती. खाटही नव्हती, रात्री वाकळ अंथरली की ती आपली जागा आणि सकाळी गुंडाळली की तीही गेली. खुंटी मात्र ज्याची त्याची होती. शाळेत नाव घातले त्या वर्षी वडिलांनी भिंतीवर हात ठेवून सांगितले, ही तुझी. तिला दप्तर लागले आणि घरात आपल्याला जागा झाली. आज आमच्यातले कितीतरी जण म्हापसा, पणजी, मुंबई, पुण्यात बंद दारांच्या कपाटांबरोबर राहतात, आणि गावच्या घराची गोष्ट निघाली की कुणीतरी हमखास विचारतो, अमक्याची खुंटी कुठली होती गे? उत्तर कुणाला शोधावे लागत नाही.

खुंटी लावणे हे घर बांधण्याच्या कामातलेच एक काम होते. साध्या घरांच्या भिंती मातीच्या. तुडवलेल्या मातीचा एक थर चढवायचा, तो सुकू द्यायचा, मग वरचा. असे करत भिंत दिवसेंदिवस वर येई. हाताच्या उंचीवर आली की घरधनी खुंट्या घेऊन हजर. ओल्या थरात खुंटी बसवली की सुकताना माती तिला आवळून धरते. मात्र खुंटी आधीच खडखडीत सुकलेली हवी. ओले लाकूड पुढे आकसते आणि खुंटी सैल होऊन हाताला येते. म्हणून मेस्त, म्हणजे सुतार, फणसाचा किंवा शिवणीचा गाभा पाहून खुंट्या तासून द्यायचा आणि घरात त्या चुलीवरच्या माळ्यावर धुरात वाळत पडायच्या. आत जायचे टोक लांब आणि ओबडधोबड, बाहेरचे गुळगुळीत आणि किंचित वर उचललेले. आतले टोक भिंतीला धरून राही, बाहेरचे कपड्याला. चिऱ्यांच्या भिंतीत भोक पाडून खुंटी ठोकायची आणि बाजूने पाचर मारायची.

लोखंडी खिळे मिळत नव्हते असे नाही. पण खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांत खिळा गंजतो, आणि त्या गंजाचा तांबूस डाग एकदा सदऱ्याला लागला की कितीही आपटा, जात नाही. लाकडी खुंटी कपड्याला डाग देत नाही आणि फाडतही नाही. वर्षानुवर्षे हात आणि कपडे लागून ती अशी काही मऊ आणि काळसर होई, की अंधारात हात फिरवूनही आम्हांला आपली खुंटी कळायची. भाटकारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या, वाड्यांत खुंट्यांनाही थाट असे. कुठे पोपटाच्या चोचीसारखे वळण, कुठे पितळेची टोपी, तर कुठे ओसरीत सांबराची शिंगे लावलेली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर अशी शिंगे घरात मिरवण्याचे दिवस संपले, आणि ते बरे झाले.

ओसरीतली दारालगतची खुंटी आजोबांची. तिला काळी टोपी, उपरणे, बाहेर जायचा कोट आणि खाली वाकड्या मुठीची छत्री. तिच्यावर दुसऱ्या कुणी काही लावायचे नाही. पुढच्या खुंट्या काकांच्या आणि वडिलांच्या, वयाच्या क्रमाने. मुलांच्या खुंट्या खालच्या अंगाला, हात पोचेल अशा. पावसात भिजून आलेल्या पाहुण्याला उंबऱ्यावरच ऐकू यायचे, "छत्री खुंटयेक लाय, आनी भितर ये." म्हणून पडवीत एक-दोन खुंट्या मोकळ्या ठेवलेल्या असत. त्या कुणाच्याच नव्हत्या, म्हणजे येणाऱ्याच्या होत्या. शेजारच्या वाड्यावरचा कुणी, म्हापशाच्या शुक्रवारच्या नाहीतर डिचोलीच्या बुधवारच्या बाजारातून परतताना टेकलेला एखादा सोयरा, देवळातल्या भजनासाठी आलेला पखवाजवाला. त्यांची पिशवी तिथे लागली की आतल्या चुलीवर चहाचे आधण चढे. कोण आले हे पाहायला आईला बाहेर यावे लागत नसे. पिशवी ओळखीची असायची.

माणूस घरात आहे की नाही हेही भिंतच सांगे. टोपी जागेवर नाही, म्हणजे आजोबा देवळाकडे गेले. काकांचा कंदील जागेवर नाही, म्हणजे ते रात्री दशावतारी काला बघायला जाणार. पेडण्याच्या बाजूला दशावताराचे वेड जुने आहे, आणि जत्रेच्या रात्री अख्ख्या वाड्यातल्या कंदिलांच्या खुंट्या एकाच वेळी रिकाम्या होत. कुणी घरातून रुसून गेला तरी कळायला वेळ लागत नसे. एकत्र कुटुंबात एकमेकांवर लक्ष राहायचे ते असे, न विचारता.

या भिंतीवर बायकांच्या खुंट्या मात्र फार थोड्या होत्या, हे आज जास्त जाणवते. ओसरी पुरुषांची. आजीची सोवळ्याची साडी माजघरात उंच टांगलेल्या दांडीवर, काठीने चढवायची आणि काठीनेच उतरवायची, कुणाचा हात लागू नये म्हणून. आई-काकूंची रोजची लुगडी आतल्या अंधाऱ्या खोलीत एका दोरीवर. नव्या सुनेला कितीतरी दिवस स्वतःची खुंटी नसायची. तिचे असे काही असलेच तर ते ट्रंकेत. जिच्या हातावर घर चालत होते तिच्या नावाची एक खुंटी दर्शनी भिंतीवर नव्हती. त्या घरांवर आमचा जीव आहे, म्हणूनच हेही सांगायला हवे.

बायकांच्या हातातला खुंटा होता तो जात्याचा. पहाटे अंधारात दोघी समोरासमोर बसायच्या, एकाच खुंट्यावर दोघींचे हात, आणि दगडाच्या घरघरीवर ओवी सुरू व्हायची. खुंटा वरच्या तळीच्या काठाजवळच्या भोकात बसवलेला असतो. तो सैल असला तर अर्धी ताकद वाया जाते आणि तळहाताला फोड येतात. म्हणून बसण्याआधी आजी तो हलवून बघे, सैल वाटला तर जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळून दगडाने ठोकून बसवी. खुंटा हलवून बळकट करणे ही गोष्ट आमच्या पिढीने अशी रोज पहाटे घडताना पाहिली. जात्याच्या मधली खुंटी वेगळी. खालच्या तळीत रुतलेली ती, वरची तळी तिच्याभोवती फिरते. ती किती वर आली आहे त्यावर दोन दगडांमधली फट ठरते, आणि फटीवर पीठ जाड की बारीक. वड्यांचे पीठ भरडे हवे, भाकरीचे बारीक. दोन्ही एकाच जात्यातून काढणाऱ्या बायकांना हे यंत्रशास्त्र कुणी शिकवले नव्हते.

स्वयंपाकघरातल्या खुंट्या धुराने काळ्या झालेल्या. मे महिन्यात पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीची, तयारी सुरू झाली की त्या एकेक भरत जायच्या. कांद्याच्या माळी, लसणाच्या जुड्या, सुक्या मासळीची पुरचुंडी, बियाण्यासाठी राखलेली कणसे, दुधीत नाहीतर करवंटीत भरून तोंड बंद केलेले भोपळ्याचे आणि काकडीचे बी. हरमलची लाल मिरची सुकवून भरून ठेवलेली असे ती वेगळीच. तिला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा आम्हांला त्या काळ्या भिंतीचीच आठवण झाली. चुलीचा धूर लागत राहिल्याने किडे जवळ येत नाहीत आणि श्रावणातल्या दमट हवेत बुरशी धरत नाही. खाली उंदीर, वर मांजर, म्हणून दुधाचे आणि ताकाचे शिंके आढ्यालगतच्या खुंटीला. पुढच्या वर्षीचे शेत आणि पावसाळ्यातले जेवण, दोन्ही त्या दोन-चार खुंट्यांवर तोलून धरलेले असे.

गोठ्यातल्या खुंट्याची जात निराळी. तो जमिनीत हातभर खोल गेलेला, कारण बिथरलेल्या बैलाच्या ओढीला तो पुरायला हवा. दाव्याची गाठ अशी मारायची, की जनावराने ओढली तर घट्ट होईल आणि माणसाने एक टोक खेचले तर क्षणात सुटेल. गोठ्याला आग लागली किंवा नाग निघाला तर जनावर लगेच मोकळे करता आले पाहिजे, हे त्यामागचे शहाणपण. गाई आपापला खुंटा ओळखतात. संध्याकाळी रानातून आल्या की न सांगता आपल्या जागी जाऊन उभ्या राहायच्या. दिवाळीतल्या गोरवांच्या पाडव्याला त्यांना न्हाऊ घालायचे, गळ्यात पोळ्यांच्या आणि फुलांच्या माळा घालायच्या आणि गोठ्यात गोठणीचे शेणाचे चित्र करून पूजा करायची, तेव्हा खुंट्यालाही कुंकवाचे बोट लागे. नांगराच्या जुवाला शिवळा, गाडीच्या आसाच्या टोकाला खीळ. ती वीतभर खीळ निसटली तर भाताच्या भाऱ्यांनी भरलेली गाडी बांधावर कलंडे. म्हणून गाडीवान निघण्याआधी बैलांच्या पाठीवर हात फिरवी आणि मग वाकून दोन्ही खिळी बघे.

डिचोली म्हणजे कुंभारांचे गाव. तिथल्या मातीच्या भांड्यांनी पेडणे आणि डिचोली या आमच्या दोन्ही तालुक्यांतल्या चुली चालल्या. कुंभाराचे जड चाक जमिनीत रोवलेल्या एका टणक खुंटीच्या टोकावर तोललेले असते. काठीने चाकाला गती दिली की ते भोवऱ्यासारखे फिरते, आणि सगळा भार त्या टोकावर. खुंटी रेसभर जरी कलली तरी मडक्याची भिंत एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ होते आणि भट्टीत तडकते. पेडण्याच्या बाजूला शापोरा आणि तेरेखोल या नद्यांवर खुंट हे मासेमारीचे साधन. ओहोटीच्या प्रवाहात खुंट रोवून त्यांच्यामध्ये जाळे लावायचे, पाणी उतरताना मासा आपसूक जाळ्यात. होडीच्या काठावरच्या खुंटाला वल्हे टेकवले नाही तर हातात जोर असून उपयोग नाही. नद्यांवर पूल नव्हते तेव्हा प्रत्येक धक्क्यावर होड्या बांधायचे खुंट असत, दोरखंडांनी घासून मध्ये बारीक झालेले. केरी-तेरेखोलची फेरीबोट अजून चालते.

देवळातल्या आणि घरातल्या गाण्याचाही आधार खुंट्यांवरच. भजनाच्या रात्री तबल्याचे गट्टे हातोडीने ठोकून सूर चढवताना आम्ही भोवती कोंडाळे करून बसत असू. गोल लाकडी गट्टा वादीखाली खाली सरकला की वादी ताणते आणि सूर चढतो, वर सरकला की उतरतो. तंबोऱ्याच्या चार तारांना चार खुंट्या. पावसाळ्यात लाकूड फुगते आणि खुंटी फिरता फिरत नाही. एप्रिलच्या कोरड्या दिवसांत तीच घसरते, मग तिला खडू चोळायचा. चांगले तंबोरे मिरजेचे; मिरजेच्या तंबोऱ्याला आणि सतारीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आमच्या पेडणे तालुक्यातल्या मालपे गावचे नाव अंजनीबाई मालपेकरांनी हिंदुस्थानी संगीतात नेले. १९५८ साली संगीत नाटक अकादमीने त्यांना आपली रत्नसदस्यता दिली. त्यांच्या गावाच्या पंचक्रोशीत वाढलेल्या आम्हा मुलांना घराण्यांचा अभ्यास नव्हता, पण तंबोरा लागतो तो खुंटीच्या तसूभर फिरण्याने, आणि त्यासाठी गवय्या डोळे मिटून थांबतो, हे माहीत होते. धीर धरणे आम्ही अशा ठिकाणी शिकलो.

चतुर्थीला सगळ्या खुंट्यांचे, कड्यांचे आणि वाशांचे मिळून एकच काम होई, ते म्हणजे माटोळी. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगायची आणि तिला रानातले, परसातले जे जे फळले-फुलले ते बांधायचे. नारळाची पेण, सुपारीचा घोस, केळ्याचा घड, आंबाडे, तोरिंगण, कवंडळ, कांगले. हे सगळे बांधायला केवणीच्या सालीचे दोर. आदल्या दिवशी घरातला वडील माणूस शिडीवर चढून माटोळीच्या कड्या आणि खुंट्या हाताने ओढून बघे, कारण खाली देव बसणार आणि देवासमोर पोरे. वर्षभर रिकाम्या राहणाऱ्या त्या वरच्या खुंट्यांना कुणी कधी काढले नाही किंवा त्यांना दुसरे काही लावले नाही.

खुंटी आपल्या भिंतीत मारायची तर भिंत आपली हवी. आमच्या दोन्ही तालुक्यांत ती अनेकांची नव्हती. भाटकाराच्या जमिनीत झोपडी बांधून राहिलेल्या मुंडकाराला घर वाढवायचे, भिंत बदलायची तरी भाटकाराची मर्जी बघावी लागे, आणि मर्जी फिरली तर पिढ्यांचे बिऱ्हाड उठण्याची भीती. भाटकाराच्या घरी कामाला आल्यावर मुंडकाराचा कोयता आणि कांबळ लागे ते बाहेरच्या पडवीत, आतल्या खुंटीला नाही. १९७५ च्या मुंडकार संरक्षण कायद्याने त्याला घरातून काढण्यावर बंधन आले. मयेतल्या लोकांना तर गोवा सोडून गेलेल्या मालकांच्या, म्हणजे स्थलांतरितांच्या, मालमत्तेच्या प्रश्नामुळे मुक्तीनंतरही दशकानुदशके राहत्या घराखालची जमीन स्वतःची म्हणता आली नाही; त्यासाठी विधानसभेला २०१४ साली कायदा करावा लागला. ज्याची त्याची खुंटी असे आम्ही कौतुकाने म्हणतो तेव्हा ती सगळ्यांना सारखी मिळाली नव्हती हे विसरता येत नाही.

मुक्तीनंतर भिंती बदलत गेल्या त्या याच खुंट्यांवरून दिसल्या. पेडण्यात जन्मलेले दयानंद बांदोडकर १९६३ मध्ये पहिले मुख्यमंत्री झाले आणि गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. ज्या घरांत आधी अक्षर नव्हते तिथेही खालच्या खुंट्यांना कापडी दप्तरे लागली, आणि त्यांत मुलींचीही. आमच्या बहिणींना दर्शनी भिंतीवर पहिली खुंटी मिळाली ती दप्तरामुळे. डिचोलीकडे खाणींचा जोर वाढला तसा बैलांचा चाबूक जिथे असायचा तिथे खाणीवरच्या कामगाराची कडक टोपी आली, आणि त्याच्या बुटांची लाल माती खाली शेणाने सारवलेल्या जमिनीवर. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा त्या टोप्या महिनोन्‌महिने खुंट्यांवरून उतरल्या नाहीत. वीज आली आणि कंदिलांच्या खुंट्या मोकळ्या झाल्या. पिठाची गिरणी आली आणि जाते परसात गेले. गॅस आला आणि धूर गेला. त्याबरोबर आई-काकूंचा खोकलाही गेला, ही मोठीच गोष्ट झाली. मग सिमेंटच्या भिंती, लोखंडी कपाट, दारामागे पाच आकड्यांची पट्टी, आणि आता प्लॅस्टिकचा चिकटवायचा हूक.

यातले पुष्कळसे बदल आम्हीच घरात आणले आणि ते हवेच होते. सुनेला कुलपाचे कपाट मिळाले, मुलीला अभ्यासाची खोली मिळाली, हे सोडून मागे जायचे नाही. पण कपाटाबरोबर दार आले. कोण घरात आहे, कुणाचा कोट कितीतरी दिवस उतरलेला नाही, कुणाची पिशवी आज जड आहे, हे दाराआड गेले. येणाऱ्यासाठी राखलेली मोकळी खुंटी तर नव्या घरात कुठेच दिसत नाही. पाहुणा आला की त्याची बॅग खुर्चीशेजारी, त्याच्याच पायाशी उभी राहते.

पेडण्यात मोपाचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाला तेव्हापासून आमच्या गावांत जुनी घरे पाडण्याचा वेग वाढला आहे. कौल, वासे, दरवाजे यांना गिऱ्हाईक असते. खुंटी मातीबरोबर जाते. बाणावलीत व्हिक्टर ह्यूगो गोम्स यांनी ‘गोवा चित्र’ संग्रहालयात गोमंतकीय शेतीची आणि घरकामाची अवजारे जिवापाड जमवली आहेत. पण वस्तू ठेवली तरी ती कुणाची होती आणि तिला काय लावलेले असे, ते त्या घरातल्या माणसांकडेच असते. त्यासाठी आमच्या वयाच्या सगळ्यांना आग्रहाने सांगावेसे वाटते. घर पाडायचे ठरले तर आधी घरातल्या थोरल्या माणसाला ओसरीपासून गोठ्यापर्यंत चालवत न्या आणि प्रत्येक खुंटीपाशी थांबा. लाकूड कुठल्या झाडाचे, मेस्त कुठल्या वाड्यावरचा, तिला कोण काय लावायचे, आणि कुणाला ती मिळाली नव्हती, हे विचारून लिहून ठेवा. आजीला, काकूला, पडवीतच कोयता ठेवून गेलेल्या शेजाऱ्यालाही विचारा. आणि नव्या घराचा आराखडा काढताना दाराजवळ एक खुंटी अशी लावा, जी घरातल्या कुणाचीच नसेल.